फोन आला नाही तर

शिबिराला आलेल्या प्रत्येक बाईला एकच वाक्य सांगितलं जायचं. तपासणी आटोपून ती पडद्यामागून बाहेर आली की सिस्टर तिला गुजरातीत समजावायच्या, की रिपोर्टमध्ये काही निघालं तर पंधरा दिवसांत फोन येईल, आणि फोन आला नाही तर सगळं बराबर आहे असं समजायचं. बाया मान हलवून निघून जायच्या. डभोईच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाया त्या. शेतमजुरी आणि जनावरं टाकून निव्वळ रिपोर्ट विचारायला बडोद्याला येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ही पद्धत पडली होती. ती मी पाडलेली नव्हती. पण कुणाला फोन करायचा याची यादी मी बनवलेलं पान दाखवायचं, आणि ते पान सुरुवातीपासून चुकत होतं. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

नव्या शतकाची पहिली चार-पाच वर्षं असतील. मी तिशीत होतो. नोकरी सोडून रावपुऱ्यात एका खोलीचं ऑफिस थाटलं होतं आणि जो सांगेल त्याच्यासाठी वेबसाइटी बनवत होतो. माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर एका ट्रस्टचं तपासणी केंद्र होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. महिन्यातून दोनदा त्या जीप घेऊन खेड्यात शिबिरं घ्यायच्या. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होऊ घातला असेल तर तो काही वर्षं आधी ओळखता येतो. काचेच्या पट्टीवर नमुना घ्यायचा, पट्टीवर नंबर टाकायचा, पट्टी लॅबमध्ये पाठवायची. वेळेवर कळलं तर छोट्या उपचारात बाई बरी होते. उशीर झाला तर काय होतं हे डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्याआधी हे सगळं काम सिस्टरांच्या चोपड्यावर चालायचं. सिस्टर मूळच्या बडोद्याच्याच मराठी, पन्नाशीला आलेल्या. वाईट रिपोर्ट आला की त्या नावाभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायच्या, आणि फोन झाला की गोलात बरोबरची खूण. डॉक्टरबाई पानं उलटत जायच्या आणि रिकामा गोल दिसला की सिस्टरांना हाक मारायच्या.

"मला तर हे चोपडंच फावतं, भाई," मी कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या.

"चोपडं हरवतं, सिस्टर. भिजतं."

"वीस वर्षांत नाही हरवलं. तुमची लाइट तर सकाळपासून दोनदा गेली."

डॉक्टरबाई हसल्या. "अरे, तिला सवय होऊ दे. तिला एकेक बटण सापडेपर्यंत पुढचं शिबिर येईल."

"सापडेल ने," सिस्टर म्हणाल्या. "पण सगळ्या येतील ने यात? एक पण सुटायची नाही?"

मी म्हणालो, "चोपड्यात सुटेल एक वेळ. यात सुटणार नाही." आणि एवढ्यावर न थांबता डॉक्टरबाईंना असंही सुचवलं, की फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरून झाले की तीन महिन्यांनी रद्दीत द्यावेत, कपाट तेवढं मोकळं होईल. त्यांना ते पटलं. चोपडंही बंद झालं.

मी काय बनवलं होतं ते सोप्या शब्दांत सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. माहिती तीन तक्त्यांत ठेवली होती. पहिल्यात बाया: नाव, वय, गाव. दुसऱ्यात रिपोर्ट. तिसऱ्यात फोन नंबर. एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी एका क्रमांकानं बांधलेली. डॉक्टरबाई वासण्याला आपल्या घरी बसूनही इंटरनेटवर पान उघडायच्या, तेव्हा प्रोग्रॅम तिन्ही तक्ते जोडून यादी समोर आणायचा: ही बाई, हा तिचा रिपोर्ट, हा तिचा नंबर. हे जोडण्याचे दोन प्रकार असतात. एकात तिन्हीकडे जिची ओळ सापडेल तेवढीच बाई दिसते. दुसऱ्यात बाई दिसतेच, आणि जे सापडलं नाही त्याची जागा कोरी राहते. मी पहिला प्रकार वापरला. कोऱ्या जागा मला पानावर नको होत्या. पान नीटनेटकं दिसावं असं मला वाटत होतं.

फोनच्या तक्त्याला मी एक अट घातली होती. एक नंबर एकदाच, एकाच बाईच्या नावावर. पुस्तकात तसंच शिकलो होतो, की तीच गोष्ट दोनदा लिहायची नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या शिबिराचे फॉर्म भरताना पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ आली. सिस्टरांनी मला फोन केला. "भाई, माझ्या हातून काहीतरी तुटलं."

मी गेलो. हा नंबर आधीच नोंदलेला आहे, एवढंच ती ओळ सांगत होती. मला वाटलं, सिस्टर तीच बाई दोनदा भरतायत. मी त्यांना विचारलंही नाही. प्रोग्रॅममध्ये एवढाच बदल केला, की नंबर आधीच असला तर तो सोडून द्यायचा, बाकीचा फॉर्म जपून ठेवायचा, आणि काही न बोलता पुढे जायचं. दहा मिनिटांचं काम. लाल ओळ पुन्हा आली नाही. सिस्टरांनी मला मसाल्याचा चहा पाजला आणि म्हणाल्या, "आता घाबरवत नाही हा."

त्या खेड्यांत तेव्हा घरोघर फोन नव्हते. एखाद्या किराणा दुकानात, नाहीतर तलाटीच्या घरी एक फोन असायचा आणि अर्धं गाव तोच नंबर द्यायचं, पुढे पी.पी. असं लिहून. दुकानदार फोन घ्यायचा, कुणाला तरी पाठवून निरोप द्यायचा. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या लहानपणी रावपुऱ्यात आमच्याच घरचा नंबर आसपासच्या चार कुटुंबांचा पी.पी. नंबर होता. जेवता जेवता उठून मी कितीदा तरी गॅलरीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या आहेत. तरीही तक्ता बनवताना ते आठवलं नाही. गावातल्या पहिल्या बाईला दुकानाचा नंबर मिळत होता. तिच्यामागून तोच नंबर देणाऱ्या प्रत्येक बाईचा नंबर गुपचूप गळत होता, आणि नंबर नाही म्हणून ती यादीतूनही गळत होती. यादी मात्र भरलेली दिसायची. डॉक्टरबाई ती वाचायच्या, सिस्टर एकेकीला फोन लावायच्या, आणि महिन्याअखेरी सगळे फोन झाले म्हणून सगळ्यांना हलकं वाटायचं.

कळलं ते संक्रांतीचं उत्तरायण होऊन आठवडा झाल्यावर. मी केंद्रात प्रिंटर दुरुस्त करत होतो. एक माणूस दारात चपला काढून उभा राहिला. मागे त्याची बायको, डोक्यावरचा पदर दातांत धरून. बसायला सांगितलं तर ती बसेना. नंतर कळलं, तिला बसवत नव्हतं.

"मागच्या जेठ महिन्यात तपासणी केलेली," तो गुजरातीत म्हणाला. "आता हिला त्रास होतो. अंगावर जातं. गावचा डॉक्टर म्हणाला, तिथेच दाखवा."

"फोन आला होता का?" सिस्टरांनी विचारलं.

"फोन तो आव्यो नहीं, बेन. एटले अमे समज्या बधुं बराबर छे."

सिस्टरांनी नाव टाकून शोधलं. बाईचं पान उघडलं. नाव, वय, गाव, आणि खाली रिपोर्ट, सात महिन्यांपूर्वीचा. आमच्याकडे रिपोर्टचे तीन शेरे होते: ठीक, पुन्हा तपासा, तातडीने बोलवा. तिचा तिसरा होता.

 त्या दोघांना समजू नये म्हणून सिस्टर हळू आवाजात मराठीत मला म्हणाल्या, "भाई, ही लिस्टमध्ये नव्हती. आली असती तर मी फोन केला असता. ही आली नाही."

डॉक्टरबाईंनी तिला आत नेलं. बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर त्यांनी नवऱ्याच्या हातात मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि आजच जा म्हणून सांगितलं. उद्या नाही, आज. तो म्हणाला, म्हशीचं दूध काढायला घरी कुणी नाही. डॉक्टरबाईंनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. ती दोघं गेली.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. जोडण्याचा प्रकार बदलला. एका शब्दाचा फरक. नंबर असो नसो, वाईट रिपोर्ट असलेल्या सगळ्या बाया दाखव. जुन्या यादीत नसलेली सात नावं आली. सातही नावांपुढे फोनची जागा कोरी. पहिलं नाव आत्ता जिना उतरून गेलेल्या बाईचं होतं. मला पहिला विचार आला तो असा, की हे माझ्या अंगावर येणार.

डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कशामुळे झालं हे? तुझ्या सिस्टममध्ये काही आहे का?"

"नंबर भरलेले नाहीत," मी म्हणालो. "नंबर नसला तर फोनच्या यादीत बाई येत नाही."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं.

"मी भरले होते," सिस्टर म्हणाल्या. "या गावचा दुकानवाल्याचा नंबर, पी.पी. मला पाठ आहे."

"सिस्टर, इतक्या फॉर्ममध्ये एखादा राहतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फॉर्म काढा, बघू."

फॉर्म दिवाळीच्या आधीच रद्दीत गेले होते.

"एखादा राहील, बाई. सात राहतील?" सिस्टर माझ्याकडे वळल्या. "भाई, हा कॉम्प्युटर नंबर खातो का?"

मी म्हणालो, "नाही."

 सिस्टरांनी टेबलावरचा चष्मा लावला आणि सहा गावांची नावं कागदावर लिहायला घेतली.

पुढचे चार दिवस जीप फिरली. सहाही बाया सापडल्या. त्यांच्यातल्या एकीला मोठं ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्या छोट्या उपचारात बऱ्या झाल्या. घरी बायको विचारायची, हल्ली जेवत का नाहीस. मी काम वाढलंय म्हणायचो. मधल्या काळात मी नंबराची अट काढून टाकली, लाल ओळ पुन्हा चालू केली आणि जुना प्रोग्रॅम पुसला. तो का पुसला हे मला कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांनी केंद्रानं सिस्टरांना शिबिरांच्या कामातून काढून खाली केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. डॉक्टरबाईंनी निर्णय घेतला तेव्हा मी तिथे होतो. त्या म्हणाल्या, "वय झालं तिचं, नजर चुकते." मी मान हलवली.

मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी घेऊन गेलेली ती पहिली बाई पुढच्या नवरात्राच्या आधी वारली. मला सिस्टरांचा फोन आला. "नवरा फाइल परत देऊन गेला. खिडकीवरच दिली.  तुम्हाला कळवावं वाटलं."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. खिडकीपुढे सात-आठ माणसांची रांग होती. बाजूच्या दारातून आत जाऊन मी सिस्टरांच्या स्टुलाजवळ उभा राहिलो आणि त्यांना सगळं सांगितलं. नंबराची अट, लाल ओळ, दहा मिनिटांचा बदल. "तुम्ही भरले होते. माझा प्रोग्रॅम ते टाकून देत होता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

त्या केसपेपर लिहीत होत्या. हातातला पूर्ण केला, खिडकीतून दिला, दहा नंबरच्या खोलीत जा म्हणून सांगितलं. मग मला म्हणाल्या, "सात म्हणजे सातच होत्या ने?"

"सातच. मी त्याच दिवशी सगळ्या काढल्या."

"पहिली लिस्ट पण तुम्ही सगळ्यांचीच काढली होती."

सिस्टरांनी नवा केसपेपर पुढे ओढला.

"आठवी नाही ने कुणी? हे बघून सांगा. बाकीचं नंतर." आणि त्यांनी पुढच्या माणसाला नाव विचारलं.

मी वर गेलो. तोवर मी बायांच्या बाजूनंच विचारत आलो होतो: प्रत्येक बाई घे, तिचा रिपोर्ट दाखव. आता उलटं विचारलं. प्रत्येक रिपोर्ट घे, त्याची बाई दाखव, आणि नसली तर जागा कोरी ठेव. यंत्रानं क्षणभर वेळ घेतला. एकच ओळ आली. काचपट्टीचा नंबर, शिबिराचा दिवस, शेरा: तातडीने बोलवा. नावाच्या जागी काही नाही.

दोनदा भरलेलं नाव काढून टाकायचं बटण मी दिलं होतं. बटण दाबलं की नाव जायचं, पण त्याला बांधलेला रिपोर्ट मागे राहायचा. तो पुन्हा कुठल्याही पानावर येणं शक्य नव्हतं, कारण सगळी पानं बाईपासून सुरू होत होती. त्या शिबिराला दोन वर्षं झाली होती.

मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी जुनी, मग ही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "तिला मी नजर चुकते म्हटलं, तेव्हा तू इथेच बसला होतास." मग बेल दाबून सिस्टरांना वर बोलावलं. सिस्टर आल्या. डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या.  सिस्टरांनी विचारलं, "आठवी आहे ने?"

"आहे. नाव नाही."

"दिवस कुठला?"

मी दिवस सांगितला. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. "त्या दिवशीच्या ज्या बायांना रिपोर्टच आला नाही, त्या काढा. नाव दोनदा भरलं असेल तर एक तर आत आहे ने. तिच्यासमोर रिपोर्ट नसेल. एवढ्यांत ती असणारच."

नऊ नावं निघाली. पट्टी तुटली, नमुना वाळला, अशा कारणांनी काही रिपोर्ट यायचेच नाहीत, आणि त्या बायांनाही फोन गेलेला नव्हता. त्यांनीही सगळं बराबर आहे असंच धरलं होतं.

पुढचे दोन रविवार आम्ही तिघं जीपनं फिरलो. मी चालवत होतो. एकेक बाई सापडत गेली. सिस्टर तिला समजावायच्या, डॉक्टरबाई पुन्हा नमुना घ्यायच्या. एक जण रागावली, "दोन वर्षांनी आलात? तेव्हा म्हणालात बराबर आहे." सिस्टर म्हणाल्या, "आमची चूक झाली, बेन." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आठ पट्ट्या लॅबमध्ये गेल्या. आठही ठीक आल्या.

राहिली नववी. म्हणजे ज्या रिपोर्टला नाव नव्हतं, त्याला आता नाव मिळालं होतं. तिच्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी ओट्यावर तूर निवडत होती.

"ए तो सुरत गयां," ती म्हणाली. नवऱ्याला यंत्रमागावर काम लागलं, दीड वर्ष झालं. सासरा वारला, आता इकडे कुणी येत नाही.

"तब्येत कशी होती तिची?" सिस्टरांनी विचारलं.

"सारी हती." चांगली होती म्हणे. म्हातारीनं सुपातला खडा वेचून टाकला. "जतां पहेलां केड दुखती हती, बस."

कंबर दुखत होती. डॉक्टरबाई जीपकडे चालू लागल्या. सिस्टर म्हातारीशेजारी ओट्यावर बसल्या आणि नवऱ्याला गावात कुठल्या नावानं ओळखतात, त्याला कामाला कुणी लावलं, तिचं माहेर कुठलं, असं एकेक विचारू लागल्या. मी कागदावर लिहून घेत होतो.

सुरतेला मी तीनदा गेलो. पहिल्या खेपेला काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला नवऱ्याला कामाला लावणारा भेटला. त्यानं एका वस्तीचं नाव सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्या वस्तीत खोल्या भाड्यानं देणाऱ्या माणसापर्यंत पोचलो. मी तिचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं.

"होती," तो म्हणाला.

"आता कुठे आहे?"

 नवरा पोरांना घेऊन कुठेतरी गेला, एवढं त्याला ठाऊक होतं. ती बरोबर होती का, असं मी दोनदा विचारलं.

"चाळीस खोल्या आहेत, साहेब," तो म्हणाला. "कोण कुणाबरोबर गेलं, मी कुठं बघत बसू?"